तारांखालचे घर



उपवासकाळातला एक रविवार. दुसरी मिस्सा संपली होती आणि लोक चर्चच्या आवारात रेंगाळले होते. आपल्याच पॅरिशमधली एक बहीण आमच्याजवळ येऊन उभी राहिली. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाल्याचे दीड महिन्यापूर्वी कळले होते. आम्ही मुलीची चौकशी केली, औषधपाण्याचे विचारले. तिने सगळे सांगितले, पण तिला बोलायचे होते ते वेगळेच. शेवटी म्हणाली, "एक विचारू का? आत्याबाई म्हणतात, तारांखाली घर घेतलं म्हणून पोरीला हे दुखणं लागलं. दागिने मोडून ते घर घ्यायला मीच लावलं होतं. माझं चुकलं का?"

आमच्यापैकी एक जण म्हणाला, "ताई, देवाच्या इच्छेपुढं कोणाचं चालतंय?" दुसरीने म्हटले, "तसं काही नसतं हो, मनावर घेऊ नका." तिने मान हलवली आणि ती निघून गेली.

घरी जाताना आम्हांला चुकचुकल्यासारखे झाले. पहिल्या उत्तराने दोष तिच्या डोक्यावरून उचलून देवाच्या डोक्यावर ठेवला होता. दुसरे उत्तर खरे की खोटे, हे ते देणारीलाच ठाऊक नव्हते. प्रश्न मात्र खरा होता आणि तो एकटीचा नव्हता. त्याच वस्तीत, त्याच तारांच्या रांगेत, भाड्याच्या एका खोलीत आपली शालेय मुलांची अभ्यासिका आठवड्यातून तीन संध्याकाळी भरत होती. भाडे कमी होते म्हणून ती खोली आपण घेतली होती. भाडे कमी का, हे तेव्हा आपणही विचारले नव्हते.

त्यानंतर काही आठवडे आम्ही वाचत राहिलो, डॉक्टरांना विचारले, वीज खात्यातून निवृत्त झालेल्या आपल्या एका पॅरिशबंधूला विचारले. जे समजले ते या पानांवर मांडत आहोत. त्या बहिणीला आधी वाचून दाखवले आहे. तिने "लिहा" म्हटले, म्हणूनच छापतो आहोत.

या तारा आल्या कशा आणि त्यांच्याखाली माणसे आली कशी, हे आपल्याला परके नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले. १९७२ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून आपले कितीतरी आईवडील इथे कामाला आले. कारखान्यांना वीज हवी, म्हणून मोठमोठ्या वाहिन्या शेतांवरून ओढल्या गेल्या. त्या वेळी बहुतेक ठिकाणी खाली ज्वारी होती. मग शेतांचे गुंठे झाले. जो प्लॉट तारांपासून लांब तो महाग, जो जवळ तो स्वस्त. नोटरीच्या कागदावर अर्धा गुंठा, एक गुंठा घेऊन माणसाने चार भिंती उभ्या केल्या. घरमालकाच्या कटकटीतून सुटका झाली म्हणून फादरांना बोलावून घर आशीर्वादित करून घेतले. त्या दिवशी वर कोणीच पाहिले नाही. पाहिले असते तरी दुसरा प्लॉट घेण्याइतके पैसे कुठे होते?

आणि या तारांवाचून आपलेही चालत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये दाट धुक्यामुळे चाकण आणि लोणीकंद भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या, तेव्हा पहाटे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग अंधारात गेला होता. ज्या कारखान्यात त्या मुलीचे वडील कंत्राटी कामगार आहेत तो याच विजेवर चालतो. आपल्या चर्चमधला पंखा आणि माईकही.

आता मूळ प्रश्नाकडे. तारांचा आणि मुलांच्या कर्करोगाचा संबंध जोडला कोणी?

१९७९ साली अमेरिकेत डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर या संशोधक बाईंनी एड लीपर या भौतिकशास्त्रज्ञाच्या साहाय्याने एक निबंध प्रसिद्ध केला. कर्करोगाने दगावलेली मुले जिथे राहत होती त्या घरांजवळच्या विजेच्या तारा त्यांनी पाहिल्या आणि इतर मुलांच्या घरांशी ताडून पाहिल्या. जास्त वीज वाहून नेणाऱ्या तारांजवळ आजारी मुलांची घरे अधिक आढळली. त्यानंतर अनेक देशांत अभ्यास झाले. २००० साली अशा नऊ अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. तारेतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते मायक्रोटेस्ला या मापात मोजतात. ज्या घरांत या क्षेत्राची सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाहून जास्त होती, त्या घरांतल्या मुलांमध्ये ल्युकेमियाचे प्रमाण साधारण दुप्पट दिसले. पण अशा घरांत राहणारी मुले त्या अभ्यासांत शंभरात एकही नव्हती.

दुप्पट म्हटले की काळजात धस्स होते. म्हणून हिशेब करून पाहू. युरोप-अमेरिकेत १५ वर्षांखालच्या १ लाख मुलांमागे वर्षाला साधारण चार-पाच मुलांना ल्युकेमिया होतो. त्याचे दुप्पट म्हणजे आठ-दहा. उरलेल्या ९९,९९० मुलांना त्या वर्षी तो होत नाही, मग ती तारांखाली राहोत की बंगल्यात. हा हिशेब अख्ख्या वस्तीला धीर देणारा आहे. ज्या घरात ते एक मूल आहे त्या घराला मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही. नव्व्याण्णव मेंढरे सुखरूप आहेत असे शंभराव्या मेंढराच्या आईला सांगून काय होणार?

पुढची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. २००५ साली इंग्लंडमध्ये सुमारे २९,००० कर्करोगग्रस्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्माच्या वेळी ज्यांचे घर उच्चदाब वाहिनीपासून २०० मीटरच्या आत होते, त्यांच्यात ल्युकेमियाचे प्रमाण सुमारे ७० टक्के जास्त निघाले. २०० ते ६०० मीटरवरही थोडे जास्त होते. इथेच शास्त्रज्ञ गोंधळले, कारण तारेचे चुंबकीय क्षेत्र तितके लांब पोचतच नाही. मोठ्या वाहिनीच्या बरोबर खाली ते काही मायक्रोटेस्ला असते, पण अंतर वाढले की झपाट्याने उतरते आणि शंभरेक मीटरवर बहुधा घरातल्या नेहमीच्या पातळीइतके होते. मग ६०० मीटरवर परिणाम कशाचा? २०१४ साली त्याच देशातली २००८ पर्यंतची माहिती घालून पुन्हा पाहिले, तर १९६० आणि १९७० च्या दशकांत दिसलेला फरक १९८० नंतर नाहीसाच झालेला. तारांतली वीज तर कमी झालेली नव्हती. दोष तारांचाच असता तर तो असा विरून कसा गेला असता? की पूर्वी तारांजवळ राहणाऱ्या माणसांच्या जगण्यातच दुसरे काही होते? याचे नक्की उत्तर मिळालेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये लियाँ येथे आहे. तिने २००२ साली या चुंबकीय क्षेत्राला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातले. ऐकायला भयंकर वाटते. पण याच गटात पुढे कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही गेला आणि पूर्व आशियातल्या पारंपरिक पद्धतीने मुरवलेल्या भाज्याही तिथेच आहेत. (कैरीचे लोणचे घाबरून टाकून देऊ नये.) 'कदाचित' याचा अर्थ एवढाच, की शंका घ्यायला जागा आहे, सिद्ध मात्र झालेले नाही. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि तो कारण ठरवण्याइतका बळकट नाही असे सांगितले. त्याच वेळी हेही सांगितले, की फारसा खर्च न येता क्षेत्र कमी करता येत असेल तर करावे.

तर मग आपल्या दुसऱ्या उत्तराप्रमाणे "तसं काही नसतं" म्हणून मोकळे व्हावे का? तसेही आम्हांला वाटत नाही. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलिस स्टुअर्ट या डॉक्टर बाईंनी कर्करोगग्रस्त मुलांच्या आयांना गाठून विचारायला सुरुवात केली, की गरोदरपणी तुमच्या बाबतीत काय काय झाले होते? पोटाचा एक्स-रे काढलेल्या बायकांच्या मुलांत कर्करोग जास्त, असे त्यांना आढळले. त्यांचे म्हणणे पुष्कळ वर्षे मान्य झाले नाही. आज कोणताही डॉक्टर गरोदर बाईच्या पोटाचा एक्स-रे सहजासहजी काढत नाही. म्हणजे आयांना पडलेली शंका कधी खरीही ठरते. फरक असा, की एक्स-रेच्या बाबतीत पुरावा वाढत गेला आणि तारांच्या बाबतीत चाळीसहून अधिक वर्षे तो त्याच उंबरठ्यावर अडला आहे.

इथे आपल्या स्वतःच्या ख्रिस्तसभेची एक गोष्ट सांगितली पाहिजे. रोमच्या उत्तरेला सांता मारिया दि गालेरिया नावाच्या ठिकाणी व्हॅटिकन रेडिओचे प्रक्षेपण केंद्र आहे. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली त्याचे उद्घाटन केले. उंच मनोऱ्यांवरून जगभर देवशब्द जात असे. पुढे शेजारी वस्ती वाढली आणि तिथल्या आईबापांना आपल्या मुलांच्या ल्युकेमियाची भीती वाटू लागली. रेडिओच्या लहरी आणि विजेच्या तारांचे क्षेत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आईबापांची भीती तीच. व्हॅटिकनने सांगितले, की आम्ही आंतरराष्ट्रीय मर्यादा पाळतो. २००१ साली इटलीच्या सरकारशी वाद विकोपाला गेला आणि प्रक्षेपणाची ताकद कमी करण्यात आली. २००२ साली एका अभ्यासात केंद्रापासून ६ किलोमीटरच्या आत मुलांच्या ल्युकेमियाचे प्रमाण अपेक्षेच्या दुपटीला पोचलेले दिसले, पण मुलांची संख्या इतकी थोडी होती, की त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही असे अभ्यास करणाऱ्यांनीच लिहिले. २००५ साली न्यायालयाने रेडिओच्या दोन वरिष्ठांना, त्यांत एक कार्डिनल, दोषी ठरवून नाममात्र शिक्षा दिली. २००७ साली वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. २०१२ पासून तिथले बरेचसे प्रक्षेपण बंद झाले. २०२४ साली पोप फ्रान्सिस यांनी त्याच जागेवर सौर ऊर्जेचा प्रकल्प उभारण्याचे पत्रक काढले आणि २०२५ च्या जूनमध्ये पोप लिओ तिथे जाऊन आले.

ही गोष्ट सांगताना संकोच वाटतो, पण ती उपयोगाची आहे. त्या आईबापांच्या समोर कुणी कारखानदार नव्हता, ख्रिस्तसभा होती. आणि "आम्ही मर्यादा पाळतो" हे उत्तर खरे असूनही पुरले नाही. आपल्याकडेही नियम आहेत. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून चालत आलेल्या हिशेबाने २२० केव्हीच्या तारेपासून इमारत आडव्या अंतराने साधारण पावणेचार मीटर लांब असली पाहिजे. त्या वाहिनीसाठी जमिनीचा पट्टा ३५ मीटरचा धरतात. हे अंतर माणसाला झटका बसू नये, ठिणगी उडू नये म्हणून आहे. झोपलेल्या मुलाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र मोजून कोणी ते ठरवलेले नाही. नेदरलँड्सच्या सरकारने २००५ साली नवे घर किंवा शाळा अशा जागी बांधू नये असा सल्ला दिला, की जिथे मुलांना वर्षानुवर्षे ०.४ मायक्रोटेस्लाहून जास्त क्षेत्रात राहावे लागेल. सिद्ध झालेले नसतानाही दिला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याच मार्गाची बाजू घेतली आहे. पुरेपूर पुरावा मिळेपर्यंत थांबू नये, कारण ज्यांना धोका आहे त्यांच्याजवळ पुरावा गोळा करण्याची साधनेच नसतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. नोटरीच्या कागदावर घर घेतलेला माणूस मायक्रोटेस्ला मोजायचे यंत्र कुठून आणणार?

अनुवादाच्या पुस्तकात देव इस्राएलला सांगतो, की नवे घर बांधशील तेव्हा छपराला कठडा बांध, म्हणजे कोणी पडून त्याचे रक्त तुझ्या घरावर येणार नाही. अजून कोणी पडलेले नाही, तरी कठडा बांधायचा आहे. मोशेच्या काळातला हा नियम आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. तो छप्पर असलेल्याला, म्हणजे बांधणाऱ्याला सांगितला आहे. पडलेल्या माणसाला "तू वर गेलासच का" असे तो विचारत नाही.

आणि आता आत्याबाईंकडे. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मोठे संकट आले की त्याला कारण हवे असते. बिनकारण दुःख माणसाला सोसवत नाही, मग हाताशी असेल ते कारण पकडले जाते. आत्याबाईंना घर सापडले. अशा वेळी दोष बहुधा घरातल्या बाईवरच येतो, हे आम्ही किती घरांत पाहिले आहे! संत योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून प्रभूला विचारतात, की पाप याने केले की याच्या आईबापांनी? प्रभू दोन्ही नाकारतो. तो त्या माणसाजवळ जातो, माती कालवतो, डोळ्यांना लावतो. संत लूकाच्या शुभवर्तमानात तर प्रभू स्वतःच शिलोह येथला बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांची आठवण काढतो आणि विचारतो, की ते काय यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त पापी होते? नाही, असे सांगून तो पश्चात्तापाची हाक देतो. पण ती हाक मेलेल्यांना नाही, ऐकत उभे राहिलेल्यांना आहे. हा उतारा आजवर कितीदा ऐकला असेल, पण आपल्या वस्तीवरचे लोखंडी मनोरे डोळ्यांसमोर ठेवून कधी ऐकला नव्हता. तो बुरूज तसा कोणी बांधला होता आणि त्याच्या पायथ्याशी माणसे का बसत होती, हे शुभवर्तमानात दिलेले नाही. आमच्या मनात मात्र ते येत राहते.

म्हणून त्या बहिणीला आम्ही पुन्हा भेटलो आणि सांगितले ते असे. तारांमुळे तुमच्या मुलीला हा आजार झाला असे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. झाला नाही असेही छातीठोकपणे कोणी सांगणार नाही, पण शक्यता फार लहान आहे. लहान मुलांच्या ल्युकेमियाची सुरुवात पुष्कळदा आईच्या पोटात असतानाच एखाद्या पेशीतल्या बिघाडाने होते आणि पुढे काही मुलांतच तो रोग का होतो, हे अजून पुरते उलगडलेले नाही. आणि समजा तारांचा थोडा हात असलाच, तरी तो तुमचा गुन्हा नव्हे. तुम्ही मुलांना छप्पर दिलेत. त्या छपराच्या वर काय आहे आणि परवडणारी जागा तेवढीच का आहे, याचा जाब तुमच्याकडे मागता येत नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आत्याबाईंना पण सांगाल का?" आम्ही सांगितले. आत्याबाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी चहा टाकला.

राहिली अभ्यासिका. ती हलवावी की नाही यावर आमच्यात खरे भांडण झाले. काही जणांचे म्हणणे, आठवड्याला पाच-सहा तास मुले तिथे बसतात, त्याने काही होत नाही. अभ्यासांत दिसलेली शंका आहे ती वर्षानुवर्षे तिथेच झोपण्याची. आणि आपण हललो तर सगळ्या वस्तीला वाटेल की ही जागाच मरणाची आहे. घाबरून तरी लोक जाणार कुठे? दुसऱ्यांचे म्हणणे, आपल्याला पर्याय आहे आणि तरी आपण स्वस्त भाड्यासाठी तिथे बसतो, हे बरे नव्हे. दोन्ही बाजू आम्हांला पटत होत्या, हीच अडचण.

शेवटी निकाल तिसऱ्याच कारणाने लागला. निवृत्त पॅरिशबंधू खोली पाहायला आले. त्यांनी चुंबकीय क्षेत्राचा विषयही काढला नाही. ते थेट जिन्याने गच्चीवर गेले. गच्चीला कठडा नव्हता, कोपऱ्यात पिलरच्या सळया उघड्या होत्या आणि बाजूने जाणारी वाहिनी हातभर काठीच्या टप्प्यात वाटावी इतकी जवळ होती. अभ्यास संपल्यावर मुले तिथेच पतंग उडवत. काही मुले तर बंद ट्यूबलाइट हातात धरून ती तारांखाली आपोआप कशी उजळते ते दाखवायची. ते म्हणाले, "कॅन्सरचं मला माहीत नाही. हे मात्र मला माहीत आहे." दुसऱ्याच आठवड्यात अभ्यासिका दोन गल्ल्या मागे गेली. भाडे जास्त आहे, ते सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी देते.

या प्रसंगाने आम्हांला लाज वाटली. शंकेच्या धोक्यावर आम्ही पाच आठवडे वाचत होतो आणि ठाऊक असलेला धोका डोक्यावर उघडा होता. सप्टेंबर २०२० मध्ये भोसरीच्या इंद्रायणीनगरात रोहित्राचा स्फोट होऊन एकाच घरातले तिघे, त्यांत काही महिन्यांचे बाळ, गेले, ते आपल्याला आठवत असेल. ज्यांची घरे वाहिन्यांजवळ आहेत त्यांनी गच्चीवर सळई, पाइप, ओले कपडे वाळत घालायची लोखंडी तार, पतंगाचा मांजा यांची काळजी घ्यावी. वाढीव मजला चढवण्याचा मोह तर कृपा करून टाळावा. मुलांची झोपायची खोली तारांच्या उलट बाजूला घेता येत असेल तर जरूर घ्यावी. त्याला खर्च नाही. भिंत मात्र चुंबकीय क्षेत्र अडवत नाही, त्यामुळे कोणी पत्रे किंवा खास रंग विकायला आला तर त्याला परत पाठवावे.

आणखी एक ठाऊक असलेली गोष्ट आहे, आणि ती सर्वांत मोठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात आणि गरीब व मध्यम देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. एवढा फरक आजाराने पडत नाही. उशिरा ओळखल्याने, औषध न मिळाल्याने आणि उपचार अर्धवट सोडल्याने पडतो. ल्युकेमियाचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात. पहिल्या काही महिन्यांत मूल हिंडूफिरू लागते, घरच्यांना वाटते बरे झाले, गाडीभाड्याचे पैसे संपलेले असतात आणि मग कोणीतरी गावाकडचे औषध सुचवते. आठवडाभर न हटणारा ताप, पांढरे पडलेले मूल, विनाकारण उठणारे काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, रात्री हाडे दुखतात म्हणून रडणे, मानेत गाठी, यातले काही दिसले तर रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जावे लागले तर बाहेरगावच्या मुलांच्या राहण्याची सोय २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांत केली जाते. कागदपत्रांसाठी कोणाला मदत हवी असेल तर पॅरिश ऑफिसात सांगावे, विचारायला लाजू नये.

अभ्यासिका हलवली त्या दिवशी ती बहीण मुलीला घेऊन आली होती. नवी खोली पाहिली, खिडकीतून आकाश पाहिले. म्हणाली, "मुलांना हलवलंत ते बरं केलंत. आम्हांला कोण हलवणार?" आम्ही काही बोललो नाही, कारण उत्तर नव्हते. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात आणि वीज कंपनीकडे वस्तीतल्या एकशे चार घरांच्या सह्यांचा अर्ज दिला आहे. वाहिनी जमिनीखालून घ्यावी किंवा पर्यायी जागा द्यावी, अशी त्यात मागणी आहे. पोच मिळाली आहे. सह्या करणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक आहेत आणि अर्जाचा मसुदा पलीकडच्या विठ्ठल मंदिरातल्या गुरुजींनी शुद्ध करून दिला.

चाकण-भोसरीच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी मुलीचे वडील तिला घेऊन दवाखान्यात जातात आणि आपल्या प्रार्थना मंडळातले कोणी ना कोणी सोबत जाते, म्हणजे रांगेत एकाला बसता येते आणि एकाला औषधाच्या खिडकीवर जाता येते. पुढच्या महिन्यातल्या दोन गुरुवारांना अजून कोणाचे नाव लागलेले नाही. मागच्या गुरुवारी परत येताना बसमध्ये तिने सिस्टरांना विचारले, की अभ्यासिकेच्या नव्या खोलीत खिडकीजवळची जागा कोणाची आहे. सिस्टर म्हणाल्या, अजून कोणाचीच नाही. मग ती म्हणाली, माझी ठेवा.